आपल्याकडची पोरं 'ग्रुप'मध्ये जातात ती कशामुळं? (सांगली-सातारा, धागा मोठा आहे)

तासगावचा_मास्तर :

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो, तासगाव-पलूस पट्ट्यात. नववी-दहावीची पोरं हाताखालनं जातात आणि पुढं अकरावी-आयटीआयला गेली तरी बाजारात, एसटी स्टँडवर भेटत राहतात, त्यामुळं कोण कुठल्या वाटेला लागलं ते दिसत राहतं. जे दिसलं ते इथं मांडतोय कारण इथं आपल्या भागातले पालक बरेच आहेत.

पोरगं सोळा-सतराचं झालं की कुठल्यातरी 'ग्रुप'मध्ये जातं. तालमीचा नाहीतर क्रिकेटचा ग्रुप म्हणत नाही मी, तो असावाच. मी म्हणतोय तो ग्रुप एका माणसाच्या नावाचा असतो, सगळ्यांचा डीपी एकच, टी-शर्ट एकसारखे आणि भाऊ म्हणतील ती पूर्व दिशा. कुठल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा ते मुद्दाम लिहीत नाही कारण मी सगळ्या रंगाचे बघितलेत आणि आतनं सगळे सारखेच आहेत.

रात्री दहाच्या सुमारास ग्रुपवर एकच शब्द पडतो, 'हजर?' आणि मग पोरं धडाधड 'हजर भाऊ' टाकायला लागतात. माझ्याकडं अभ्यासाला येणारा एक पोरगा दहा वाजत आले की पेन खाली ठेवून मोबाईल हातात घेऊन बसायचा, पहिल्या पाचात नाव आलं पाहिजे म्हणून. हजेरी कशाची तर कशाचीच नाही, त्या वेळी काम काहीच नसतं. पण वर्गात मान खाली घालून कसंबसं 'यस सर' म्हणणारा तो पोरगा तिथं मात्र अख्खा हजर असायचा. त्याचा चेहरा बघून माझ्या पोटात खड्डा पडायचा.

पालक येऊन म्हणतात, सर कुणीतरी पोराचं डोकं भडकवलंय. मला वाटतं डोकं फार नंतर भडकतं, त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी खांद्यावर हात ठेवलेला असतो.

१९६७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात, कबर्ली हायस्कूलमध्ये रॉन जोन्स नावाचा माझ्यासारखाच इतिहासाचा मास्तर होता. पोरांनी विचारलं की जर्मनीतल्या साध्या लोकांनी नाझींचे अत्याचार होऊ कसे दिले. उत्तर देता येईना म्हणून त्यानं वर्गात एक प्रयोग केला. पहिल्या दिवशी फक्त ताठ बसायचं, उत्तर द्यायचं तर बाकाशेजारी उभं राहून, थोडक्यात, आधी 'मिस्टर जोन्स' म्हणून. मग शिस्तीत ताकद, एकीत ताकद अशा घोषणा, मग एक खास सलाम, मग मेंबरशिपची कार्डं. काही जणांना नियम मोडणाऱ्यांची नावं सांगायचं काम दिलं, तर ज्यांना दिलं नव्हतं तीही पोरं येऊन चुगल्या करायला लागली, आपल्याच मित्रांच्या. एका वर्गापुरतं सुरू केलेलं दोनशेच्या वर गेलं. पाचव्या दिवशी सगळ्यांना सभागृहात बोलावून त्यानं सांगितलं की असली कुठलीही चळवळ नाही, आणि नाझी जर्मनीची फिल्म लावली.

मला त्यात काय लागतं सांगू का, त्या पोरांना कुणी कुणाचा द्वेष शिकवलाच नव्हता. ज्यू नाही, काळे नाहीत, शत्रू म्हणून कुणी दाखवलाच नाही. नुसती शिस्त, कार्ड, सलाम आणि 'आपण'. एवढ्यावर पाच दिवसांत पोरं एकमेकांवर पहारा द्यायला लागली.

आणि जर्मनीत खरोखर झालं ते असं. हिटलर युथमध्ये, म्हणजे नाझी पक्षाच्या पोरांच्या संघटनेत, १९३२ च्या शेवटाला साधारण एक लाख पोरं होती, १९३६ च्या शेवटाला ५० लाखांच्या वर. पोरांना तिथं मिळायचं काय तर डोंगरात पायपीट, तंबू, शेकोटी, गाणी, गणवेश, मजुराचं आणि डॉक्टरचं पोर एका तंबूत, आणि पंधरा वर्षांच्या पोराला दहा वर्षांच्या पोरांची तुकडी सांभाळायला. वंशाची भाषणं त्या शेकोटीच्या भोवतीनं आली. दुसरी बाजू म्हणजे बाकीचे स्काऊटसारखे, चर्चचे, कामगारांचे पोरांचे गट एकेक करून बंद पाडले नाहीतर गिळले. १ डिसेंबर १९३६ ला कायदा करून देशातली सगळी पोरं हिटलर युथची, आणि १९३९ ला सक्ती. म्हणजे आपलेपणा पाहिजे असेल तर एकच दुकान उघडं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोरगं आपलेपणासाठी जातं, त्याची किंमत नंतर हप्त्याहप्त्यानं वसूल होते, आणि कुठल्याही ग्रुपची परीक्षा एकाच प्रश्नानं करावी, तिथं 'हे मला पटत नाही' म्हणून उद्या परत त्याच कट्ट्यावर बसता येतं का? तुमच्याकडं काय दिसतंय ते लिहा.

मिरज_जंक्शन :

सर एक नंबर लिहिलंय. २००९ च्या गणपतीत मिरजेत कमानीवरच्या चित्रावरनं दंगल पेटली तेव्हा मी कॉलेजला होतो, सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं होतं. त्या जमावात माझ्या क्लासमधली पोरं होती, जी एकटी असताना मला सायकलवर डबलसीट घ्यायची, माझ्या घरी शिरखुर्मा खाल्लेली. एकानं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याला माझा राग नव्हता हो, मला आजही माहीतेय नव्हता, पण त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला जे होते त्यांच्यासमोर त्याला मला ओळख दाखवता येईना. तुम्ही म्हणता तो प्रश्न बरोबर आहे, त्या दिवशी तो 'मला पटत नाही' म्हणला असता तर दुसऱ्या दिवशी कुठं बसला असता?

पुण्यातला_सांगलीकर :

मास्तर, मुद्दा भावनिक आहे पण दोन गोष्टी खटकल्या. एक तर जोन्सचा तो प्रयोग म्हणजे शास्त्रीय प्रयोग नव्हे, तुलनेला दुसरा वर्ग नाही, मोजमाप नाही, आणि त्यानं स्वतः ते लिहिलं बऱ्याच वर्षांनी. दुसरं म्हणजे खरं कारण रोजगार आहे. द्राक्षाचं काय होतंय बघताय, एमआयडीसीत कंत्राटावर घेतात आणि काढून टाकतात, पोरगं पोलीस भरतीच्या तीन-तीन वाऱ्या करतं आणि हात हलवत परत येतं. हाताला काम द्या, सगळे ग्रुप आपोआप बंद पडतील. आपलेपणा वगैरे पोट भरलेल्यांच्या गप्पा वाटतात मला.

तासगावचा_मास्तर :

@पुण्यातला_सांगलीकर, जोन्सबद्दल मान्य, ती एका मास्तरानं सांगितलेली घडलेली गोष्ट म्हणूनच घ्यायची. मोजमाप पाहिजे तर हेन्री ताजफेल घ्या. पोलंडमधला ज्यू माणूस, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातनं जर्मनांच्या कैदेत पडला, सुटून आला तर घरचे जवळजवळ सगळे मारलेले. पुढं मानसशास्त्रज्ञ झाला आणि इंग्लंडात ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी पोरांवर त्यानं प्रयोग केले, १९७० ला छापून आलेत. पोरांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कॅन्डिन्स्की, आणि सांगितलं तू या गटातला, तू त्या गटातला. वाटणी खरं तर कशीही केलेली. आपला गट सोडला तर बाकीचं कोण कुठल्या गटात हेही पोरांना माहीत नाही. मग पैसे वाटायला दिले. पोरांनी आपल्या गटाला जास्त दिले हे सोडा, कित्येकदा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा आपल्याला जास्त पाहिजेत अशी वाटणी केली. भांडण नाही, इतिहास नाही, बेकारी नाही, नुसता 'आपला' आणि 'त्यांचा'.

बेकारीचं म्हणणं मी खोडत नाही. पण मी बघितलेल्या ग्रुपात बागायतदाराची पोरं आहेत, स्वतःची गाडी असलेली आहेत. काम नसलेल्या पोराला ग्रुप लवकर गाठतो, कारण दिवसभर त्याला कुणी कुठं बोलावत नसतं. तुमचा आणि माझा मुद्दा तिथं एकत्र येतो.

अपशिंगे_फौजी :

जय हिंद. मी सैन्यात बावीस वर्षं काढली, गाव आमचं मिलिटरी अपशिंगे, घरटी फौजी. धागा वाचून थोडा राग आला ते स्पष्ट सांगतो. ताठ बसणं, सलाम, गणवेश, हजेरी हे सगळं वाईट असं वाचणाऱ्याच्या डोक्यात बसेल. साताऱ्यात १९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल निघालं, तिथली पोरं काय हुकूमशहा झाली का? आजच्या पोरांना शिस्त नाही म्हणून तर ती कुणाच्याही मागं जातात. मी म्हणतो एनसीसी सक्तीची करा.

पण एक गोष्ट मास्तरांच्या बाजूची सांगतो कारण ती खरी आहे. सैन्यात वरिष्ठाचा हुकूम मोडणं मोठा गुन्हा, पण आर्मी ॲक्टमध्ये तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे असं लिहिलेलं आहे. निःशस्त्र बाईमाणसावर हात टाक म्हणून कुणी सांगितलं तर तो हुकूमच नव्हे. या भाऊ लोकांच्या ग्रुपात असलं काय लिहिलंय का? तिथं भाऊच्या वर कायदा नाही, कोर्ट नाही, कोण जाब विचारणार? शिस्तीला बदनाम करू नका, जाब नसलेल्या शिस्तीला करा.

हळदपेठेतला :

मी सहसा इथं फक्त वाचतो. वय २१, सांगलीचा. मी अशा ग्रुपात होतो म्हणून लिहितोय, नाव गाव विचारू नका.

तुम्ही मोठी माणसं फ्लेक्स लागला की शहर विद्रूप झालं म्हणता. त्या फ्लेक्सवर खाली बारक्या बारक्या फोटोंच्या ओळी असतात ना त्या कधी नीट बघितल्यात का? सगळ्यात खालच्या ओळीत नवीन पोरं, चेहरा अंगठ्याएवढा, नाव वाचायला जवळ जावं लागतं. काम केलं की पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला तुम्ही वरच्या ओळीत, फोटो जरा मोठा, नावापुढं 'युवा नेते'. भाऊच्या शेजारी जे दोन-चार असतात त्यांचा फोटो छातीपर्यंत आणि हात जोडलेले. माझा पहिला फोटो लागला तेव्हा मी आईला रिक्षानं चौकात नेऊन दाखवला होता, तिला वाचता येत नाही पण फोटो ओळखला आणि लई खूश झाली. दहावीला नापास झाल्यावर अख्ख्या भावकीत मला कुणी लग्नकार्याला सुद्धा नावानं हाक मारत नव्हतं, फक्त 'ए, खुर्च्या उचल'. आणि इथं चौकात माझं नाव. तुम्ही मला त्या वेळी ताजफेल सांगितला असता तर मी ऐकला नसता सर, खरं सांगतो.

किंमत हप्त्यानं घेतात हे एकदम बरोबर. आधी मिरवणुकीत नाचायचं, मग वर्गणीला सोबत जायचं, नुसतं मागं उभं राहायचं बोलायचं काही नाही, मग कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडायचा आणि 'याला समजावून या'. एक दिवस ज्याचा स्क्रीनशॉट पडला तो माझ्या आयटीआयच्या मित्राचा भाऊ, मोबाईल रिपेअरचं छोटं दुकान. मी ग्रुपवर एवढंच टाकलं की याला मी ओळखतो, आधी मी बोलून बघू का? दोन मिनिटात रिमूव्ह. नुसतं ग्रुपमधनं नाही, रात्रीपर्यंत सत्तर-ऐंशी जणांनी ब्लॉक केलेलं, ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचो ते समोरनं जाताना बघायचे नाहीत. त्या दुकानाचं शटर वाकवलंच त्यांनी.

विश्रामबाग_ताई :

@हळदपेठेतला, तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे बाळा. मी समुपदेशक आहे, कॉलेजच्या मुलामुलींशी रोज संबंध येतो. तू ग्रुपवर जे एक वाक्य टाकलंस त्याबद्दल सांगायचंय.

१९५० च्या दशकात सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं रेघांचा प्रयोग केला. तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कुठली ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना सरळ दिसतंय, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं लोकांच्या मागं जाऊन चुकली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. हे सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात, खोलीत फक्त एक माणूस बरोबर उत्तर देणारा बसवला तर मान तुकवणं एकदम खाली येतं. बहुमत लागत नाही हो, एक जण पुरतो. म्हणून तर तुला दोन मिनिटात काढलं. तुझ्यामागनं आणखी दोघं बोलले असते याची त्यांना भीती होती.

आणि एक गोष्ट धाग्यात कुणीच बोललं नाही, मुलींची. जर्मनीत मुलींचीही वेगळी संघटना होती आणि लाखो मुली आनंदानं गेल्या, कारण घरकामातनं सुटून डोंगरात फिरायला मिळायचं. आपल्याकडं मुलींना या ग्रुपात घेत नाहीत पण त्यांच्या नावावर ग्रुप चालतात. कुठली मुलगी कॉफी शॉपमध्ये कुणाबरोबर बसली त्याचा फोटो ग्रुपवर पडतो, मग 'आपल्या बहिणीचं रक्षण' म्हणून दहा पोरं जातात. माझ्याकडं एक मुलगी आली होती, तिला वर्गातल्या मुलाकडनं जर्नल घ्यायचं होतं, तेवढ्यावरनं तिचं कॉलेज सुटलं. त्या पोरांना विचारलं तर ती म्हणतील आम्ही चांगलं काम केलं, आणि त्यांना ते मनापासनं वाटतं. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते.

वाळवा_तालुका :

सगळं पटलं पण एक बाजू राहतीय. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्याकडं वाळवा-पलूस भागात गावं पाण्यात, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तवा पयल्या दिवशी कोण आलं म्हाईताय का? हीच मंडळं, हेच भाऊ लोकांचे ग्रुप. छातीएवढ्या पाण्यातनं म्हातारी माणसं पाठीवर घेऊन बाहेर काढली पोरांनी, जनावरं सोडवली, भाकरी पोचवल्या. जात इचारली न्हाई कुणाची. आता त्यांना हुकूमशाहीची पोरं म्हणायचं म्हणजे जीवावर येतंय. ग्रुप नसता तर ती ताकद उभी राहिली असती का?

तासगावचा_मास्तर :

@वाळवा_तालुका, नसती राहिली, आणि तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्या पोरांत माझे विद्यार्थी होते, मला त्यांचा अभिमान आहे. पूर आला की तेच पोर देवमाणूस असतं आणि २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरनं जमाव चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला, तिथंही कुणाची तरी चांगली पोरंच असणार. पोराच्या अंगातला जोर तोच. फरक पडतो तो बोलावणारा कशासाठी बोलावतो आणि त्याला नाही म्हणता येतं का यानं.

अमेरिकेतच ओक्लाहोमात १९५४ ला मुझफ्फर शेरीफनं ११-१२ वर्षांची २२ पोरं उन्हाळी शिबिराला नेऊन दोन गट केले, स्पर्धा लावल्या, तर झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नंतर एकत्र जेवायला बसवून उपयोग झाला नाही, एकमेकांवर अन्न फेकलं. पण शिबिराचं पाणी बंद पडलं, सगळ्यांनी मिळून शोधल्याशिवाय पाणी येणार नाही असं झालं, अशी दोन-चार कामं पडल्यावर वैर ओसरलं. पूर हा आपल्याकडचा तसाच प्रसंग. अडचण ही की पूर ओसरल्यावर त्या पोरांना पुढचं काम कोण देतं? आपण सत्कार करून घरी जातो, भाऊ मात्र दुसऱ्या दिवशी पण फोन करतो.

रयतचा_जुना_विद्यार्थी :

वय ७८, नातवाकडून टाईप करवून घेत आहे. चर्चा चांगली चालली आहे. या भागाचा इतिहास यात आला पाहिजे.

१९४३ ते ४६ याच साताऱ्यात, त्या वेळी सांगली जिल्हा वेगळा नव्हता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेत अठरा-वीस वर्षांची पोरं होती. कवायत होती, कडक शिस्त होती, शेणोलीला रेल्वे अडवून पगाराचा खजिना लुटला तेव्हा जीव द्यायची तयारी होती. माझे थोरले चुलते त्यात होते. मग ती पोरं हुकूमशाहीकडं गेली का? नाही गेली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. एक, ती सत्तेच्या विरुद्ध उभी होती, दुबळ्यावर चालून जात नव्हती. दोन, न्यायनिवाडा गावासमोर व्हायचा, चार लोक बोलू शकत होते. शिक्षा कडक होत्या, पायाच्या तळव्यावर मारत, आणि त्यातल्या सगळ्या योग्यच होत्या असं चुलतेही म्हणत नसत. तीन, स्वातंत्र्य आल्यावर काम संपलं आणि माणसं शेतीला, शिक्षणाला, राजकारणाला लागली, त्या सेनेचं कुणी दुकान मांडलं नाही.

आणि हेही लिहिलं पाहिजे की १९४८ ला गांधीजींच्या खुनानंतर याच पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जळाली. जाळणारे बाहेरून आले नव्हते. तेव्हा आपली माती पुण्यवान म्हणून आपण सुरक्षित, असं कुणी मानू नये.

दुसरं उदाहरण कर्मवीर अण्णांचं. १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, एकाच भटारखान्यात राबणारी. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मी पुढं रयतच्या वसतिगृहात राहिलो, 'कमवा आणि शिका'मध्ये शेतात काम करून शिकलो. तिथंही गणवेश होता, पहाटेची घंटा होती, 'आपण रयतचे' हा ताठा होता. पण आमच्या पंगतीत शेजारी कोण बसेल ते आम्ही ठरवत नव्हतो. या ग्रुपमध्ये पंगतीला फक्त आपलाच माणूस असतो. आपलेपणा दोन्हीकडं आहे, एकीकडं तो परक्याला जागा करून देतो, दुसरीकडं परका कोण ते ठरवल्याशिवाय तो उभाच राहत नाही.

पुण्यातला_सांगलीकर :

आजोबांना नमस्कार. मी माझा रोजगाराचा मुद्दा सोडत नाही, पण 'कमवा आणि शिका'मध्ये काम आणि आपलेपणा एकाच जागी मिळत होता हे लक्षात आलं. आज काम कंत्राटदाराकडं आणि आपलेपणा भाऊकडं अशी वाटणी झालीय.

कराडची_आई :

सगळं वाचलं. माझा मुलगा बारावीला आहे. चार महिन्यांपासून तो अशाच एका ग्रुपात आहे, घरी जेवताना जे बोलतो ते ऐकून मला झोप लागत नाही. आमच्या शेजारी वीस वर्षं राहणाऱ्या कुटुंबाबद्दल 'ही लोकं' म्हणतो, ज्या काकूंनी त्याला लहानपणी मांडीवर खेळवलं. त्याच्या पप्पांनी एकदा मारलं, मोबाईल काढून घेतला, तर दोन दिवस घरी आला नाही, त्या भाऊकडंच राहिला. आता पप्पा म्हणतात पोलिसात नाव देतो. मी काय करू ते सांगा.

हळदपेठेतला :

काकू, मोबाईल परत द्या आणि घराबाहेर काढू नका. मला काढलं असतं तर मी कायमचा भाऊचा झालो असतो. मला रिमूव्ह केल्यावर माझ्या मामानं गॅरेजवर बसवलं, तू काय केलंस, कुणाबरोबर होतास एक अक्षर विचारलं नाही, दुसऱ्याच दिवशी चाव्या माझ्या हातात दिल्या, सकाळी तू उघडायचं म्हणला. त्या चाव्या नसत्या तर मी माफी मागून परत ग्रुपात गेलो असतो, पाय त्या चौकाकडंच वळत होते.

विश्रामबाग_ताई :

ताई, रोज वाद घालू नका, पण गप्पही बसू नका. 'ही लोकं' म्हणाला की एकदाच, शांतपणे, त्या काकूंचं नाव घेऊन सांगा की मला हे पटत नाही, आणि ताट वाढा. आईला पटत नाही तरी आई आपली आहे, हा अनुभव त्याला त्या ग्रुपात मिळत नाही, तो घरी मिळू दे. मारहाण, तोडफोडीला नेतायत असं कळलं तर मात्र थांबू नका, तिथं वडील म्हणतात ते बरोबर आहे. एकट्यानं स्टेशनला जाऊ नका, आधी वकिलाशी बोला, तो सतरा-अठराच्या उंबरठ्यावर आहे. आणि त्याचे ग्रुपच्या आधीचे मित्र कोण होते? त्यांना घरी बोलवा.

तासगावचा_मास्तर :

ताईंनी सांगितलं त्याला इतिहासातनं एक जोड देतो. म्युनिकमध्ये १९४३ च्या फेब्रुवारीत हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून हान्स आणि सोफी शोल या भावंडांचा शिरच्छेद झाला, ते आज सगळ्यांना माहीत आहे. पण तीच दोघं आधी हिटलर युथमध्ये हौसेनं गेली होती, हान्स तर पोरांचा म्होरक्या होता. वडील रॉबर्ट शोल पहिल्यापासनं नाझींच्या विरोधात, घरात वाद व्हायचे, पण त्यांनी पोरांना तोडलं नाही आणि स्वतःचं मतही लपवलं नाही. त्यांच्या दुसऱ्या बहिणीनं नंतर लिहिलंय की हान्सच्या तुकडीतल्या पोरांनी स्वतः शिवलेला झेंडा होता, वरच्या अधिकाऱ्यानं तो काढून टाक म्हणून बारा वर्षांच्या पोराला दरडावलं, आणि हान्सनं पुढं होऊन त्या अधिकाऱ्याच्या थोबाडीत दिली. त्या पोरासाठी त्यानं तोडलं, कुठल्या सिद्धांतासाठी नाही. आणि तोडल्यावर जायला त्याला घर होतं, जिथं त्याच्या बापानं इतकी वर्षं दुसरी बाजू जिवंत ठेवली होती. कराडच्या ताई, तुमच्या पोराच्या आयुष्यात पण असा क्षण येईल, मित्राच्या भावाचं दुकान येईल नाहीतर त्या शेजारच्या काकू येतील. त्या वेळी दार उघडं असलं पाहिजे.

कराडची_आई :

मोबाईल दिला आज. शाळेतले त्याचे जुने तीन मित्र आहेत, एक कबड्डीचा आहे, एक त्याच शेजारच्या काकूंचा पुतण्या. रविवारी जेवायला बोलावते, मटण करते. पप्पांशी बोलले, पोलिसाचं सध्या थांबलेत, धागा वाचायला दिलाय त्यांना.

अपशिंगे_फौजी :

मास्तर, माझा राग गेला. एक मागणी आहे, तुमच्या नववी-दहावीच्या पोरांना आमच्या गावात आणा. पहिल्या महायुद्धात आमच्या गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक आहे ते दाखवतो, आणि हुकूम कधी पाळायचा आणि कधी नाही हे गावातले जुने सुभेदार सांगतील. आमच्याकडनं ऐकलेलं पोरं जास्त मनावर घेतील.

तासगावचा_मास्तर :

नक्की आणतो. सहामाही परीक्षा झाली की दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक शनिवार काढतो, हेडमास्तरांशी उद्याच बोलतो आणि एसटीची गाडी बुक करायचं बघतो. @हळदपेठेतला, तू गॅरेजवरनं एक दिवस मोकळा होऊ शकशील का? पोरांसमोर भाषण नको, नुसता बसमध्ये त्यांच्याबरोबर बस.

हळदपेठेतला :

मामाला विचारतो. येतो बहुतेक.